चिंचेने घासलेली काडतुसं

आमच्या घरात बंदूक आहे असं कळलं की लोक आधी भिंतीकडे बघत. भिंतीवर कॅलेंडर आणि घड्याळ याखेरीज काही नव्हतं. बंदूक आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, कपड्यांच्या मागे, कॅनव्हासच्या खोळीत असे. नळ्या वेगळ्या, दस्ता वेगळा. वडील फौजेतून आल्यावर एका बँकेच्या शाखेत बंदूकधारी रक्षक म्हणून लागले. तेव्हा त्यांनी स्वतःच्या नावावर परवाना काढून ही बारा बोअरची दुनळी घेतली होती. कामावर जाताना ते ती जोडत, घरी आल्यावर सुटी करून ठेवत. घरात तिचा संबंध एवढाच.

काडतुसं त्या कपाटात कधीच नव्हती. बंदूक आणि काडतूस एका कुलपात ठेवायचं नाही, हा वडिलांचा नियम होता. काडतुसांसाठी त्यांनी स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्याखालचा खण निवडला होता. आंघोळ केल्याशिवाय देव्हाऱ्याला हात लावायचा नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना लागू होतं. मला, पाहुण्यांना, भांडी घासायला येणाऱ्या बाईंना. त्यामुळे घरातली सगळ्यात कमी हात लागणारी जागा तीच. खणाला लहान कुलूप होतं आणि त्याची चावी वडिलांकडे नव्हती. ती आईच्या कमरेच्या जुडग्यात होती. म्हणजे बंदूक ज्याची, त्याला काडतूस हवं असेल तर बायकोकडे मागावं लागे. वडिलांना यात वावगं वाटत नसे. शाखेतली तिजोरी उघडायला दोन माणसं लागत, एकाच्या चावीने ती उघडत नसे. तीच पद्धत त्यांनी घरी आणली होती.

आई सकाळी दिवा लावून झाला की खण उघडून काडतुसं मोजून त्यांच्या तळहातावर ठेवायची. संध्याकाळी ते परत द्यायचे, ती पुन्हा मोजायची.

"माझ्यावर भरवसा नाय का तुझा?" वडील कधीतरी विचारायचे.

"तुमच्यावर आहे हो," ती म्हणायची. "बँकेवर नाही."

त्या खणात काडतुसांच्या शेजारी कापूर, वाती, उदबत्त्या आणि काडेपेट्या असत. नवरात्रात त्याच्या बरोबर वर नऊ दिवस अखंड दिवा तेवत असे. दारूगोळ्याच्या कोठारावर पहारा दिलेल्या माणसाला ही मांडणी कधी खटकली नाही. देवाखाली ठेवलेली वस्तू नीट राहते, असं सगळं घर मानत होतं आणि तेही त्या घरातलेच होते.

वडील बँकेतूनही निवृत्त झाले, त्यानंतर बंदूक फक्त दसऱ्याला बाहेर येऊ लागली. पाटावर ठेवायची, शेजारी लाल काडतुसं मांडायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं, तेलाचा हात फिरवून परत कपाटात. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर घरी यायची. परवान्याची मुदत संपत आली की वडील वेळेआधी नूतनीकरणाला जाऊन उभे राहायचे. ती विकून का टाकत नाही, असं मी एकदा विचारलं. "खाते काय ती?" एवढंच उत्तर मिळालं.

आई विसरायला लागली ते हळूहळू. आधी गॅसवरचं दूध, मग कुकरच्या शिट्ट्या, मग माझ्या मामाचं जाणं. मामा वारल्याचं ती दर वेळी नव्याने ऐकायची आणि दर वेळी नव्याने रडायची. शेवटी वडिलांनी सांगणंच सोडून दिलं. मामा कुठे आहे असं तिने विचारलं की ते म्हणत, "शेतात गेलाय." डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. पुढे काय काय होईल तेही न लपवता सांगितलं. एक गोष्ट त्यांनी सांगितली नव्हती. आईचं माहेर सटाण्याकडचं. लग्नानंतर नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत, नोटांच्या प्रेसमध्ये आणि रेल्वेत नोकरी करणाऱ्यांच्या शेजारात, तिने तिची अहिराणी हळूहळू बाजूला ठेवली होती. आम्ही तिच्या तोंडून ती फक्त मामाशी बोलताना ऐकली होती. आता ती परत आली. आधी एखादा शब्द, मग अर्धं वाक्य. ती चहाच्या कपाकडे बोट दाखवून वडिलांना विचारायची, "हाई काय शे?" वडील कळवणचे, त्यांना सगळं कळायचं. ते उत्तर देत, "चहा शे." आणि दोघं हसत.

मी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते आणि एका दैनिकाच्या डेस्कवर काम करते. माझी सुट्टी आठवड्यातून एक दिवस. त्या दिवशी मी नाशिक रोडला जाते.

घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात मी गेले, तेव्हा वडील ओट्यावर पेपर वाचत होते. आई कुठे आहे विचारलं, तर म्हणाले, "गच्चीवर. देवाची भांडी काढलीत. आज लय खुशीत हाय, करू दे."

सणाआधी देवाची पितळ घासणं हे आईचं ठरलेलं काम. चिंच भिजत घालायची, तिचा कोळ करायचा, मीठ आणि चुलीच्या राखेऐवजी आता जे मिळेल ते घ्यायचं आणि बसायचं. हे काम तिच्या हातांना अजून येत होतं. डोक्याने सोडलेल्या पुष्कळ गोष्टी हात करत होते. म्हणून वडील तिला ते करू देत, आणि डॉक्टरांनीही करू द्या असंच सांगितलं होतं.

गच्चीवर जुनं लुगडं अंथरलेलं होतं. त्यावर समई, ताम्हण, दोन निरांजनं, घंटा आणि पळी उन्हात ठेवलेली होती. घंटेच्या शेजारी एका ओळीत, बूड वर करून, काडतुसं उभी होती. लाल प्लास्टिकची नळी आणि वर पितळेचं बूड. पितळ लखलखत होती. आई शेजारी बसून हातातल्या काठीने एका कावळ्याला लांब ठेवत होती.

"बघ कशी निघाली," ती म्हणाली. "किती काळी झाली होती गं. कुणी बघतच नाही या घरात."

"आई, ही कशी घासलीस?"

"चिंचेने. कशाने घासतात?" मग तिने एक काडतूस उचलून माझ्यासमोर धरलं. "याचं झाकण निघत नाही बघ. आत कुंकू असेल नाही तर अत्तर. सांडशीने पाहिलं ओढून. बत्त्याने ठोकलं असतं, पण बत्ताच सापडेना. कुणी नेला काय माहीत."

मी तिच्या हातातून ते घेतलं. लाल नळीवर सांडशीच्या दातांचे दोन खोल ओरखडे होते. बुडाच्या मधोमध, जिथे बंदुकीचा घोडा आपटतो त्या टोपीच्या गोलात चिंचेचा एक धागा अडकलेला होता. बंदूक साफ करताना गोळी सुटली, अशी बातमी मी आजवर अनेकदा लावली आहे. काडतूस साफ करताना, अशी एकदाही नाही.

मी वडिलांना हाक मारली. ते वर आले, लुगड्यावर नजर टाकली आणि जागीच थांबले. आईवर ओरडले नाहीत. खाली वाकून एकेक काडतूस उचललं, बूड बघितलं, धोतराच्या सोग्यात घेतलं. ओरखडे पडलेलं त्यांनी शेवटी उचललं आणि बराच वेळ बोटांत धरून ठेवलं.

"झाली का घासून?" त्यांनी आईला विचारलं.

"झाली. चांगली निघाली ना?"

"लय भारी."

खाली आल्यावर त्यांनी देव्हाऱ्याखालचा खण पाहिला. कुलूप शाबूत होतं, उघडं लटकत होतं. कुणी काही तोडलेलं नव्हतं. चावी जिच्याकडे असायची तिच्याकडेच होती. दोघांच्या हाती दोन गोष्टी असल्या की कुणा एकाच्या चुकीने काही बिघडत नाही, या हिशेबावर घर इतकी वर्षं चाललं होतं. दोघांतलं एक माणूस स्वतःलाच विसरेल, हे त्या हिशेबात नव्हतं.

मी म्हणाले, "नाना, मी घेऊन जाते ही. माझ्याकडे ठेवते."

"तुझ्या नावावर परवाना हाय का?"

"नाही."

"मग? रस्त्यात पकडली तर पेपरात कोण लावणार बातमी? तूच?"

तिजोरीसारखं छोटं पोलादी लॉकर भिंतीत बसवायचं ठरलं. ते येईपर्यंत वडिलांनी काडतुसं कापडी पिशवीत घालून पिशवी कमरेला बांधली. तशीच बांधून ते जेवले, देवाची पूजा केली, कोपऱ्यावरून दूध आणलं. आईने विचारलं, पोटाला काय झालंय. ते म्हणाले, वारा धरलाय. तिने ओवा आणून दिला.

लॉकर बसलं, चांगलं बसलं. आतल्या खोलीत खिडकीपासून लांब, कोरड्या भिंतीत, लोखंडी कपाटाच्या समोरच्या बाजूला. आत ओल धरू नये म्हणून मी औषधांच्या बाटल्यांतून निघतात तशा पुड्या ठेवल्या. धुतलेल्या काडतुसांचा भरवसा राहिला नव्हता, म्हणून वडिलांनी ती सगळी एका पुडक्यात बांधून वर चिठ्ठी लावली. चावी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. दार लावून, हँडल दोनदा ओढून बघून ते म्हणाले, "हे बरोबर झालं. पहिल्यापासून असंच पाहिजे होतं." ज्याला नियमाप्रमाणे सुरक्षित म्हणता येईल, असं आमचं घर त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई त्या लॉकरसमोर उभी राहिली.

आईच्या आजाराचं हेच विचित्र होतं. सकाळी काय खाल्लं ते तिला दुपारी आठवत नव्हतं. मला ती कधी ओळखायची, कधी नाही. पण हे लॉकर ती विसरेना. झोपेतून उठली की सरळ तिथे जायची. त्याच्या दाराला हात लावायची, जुडगा काढायची, एकेक चावी लावून बघायची. त्यात कपाटाची, कोठीची, ट्रंकेची, जुन्या घराची अशा सगळ्या चाव्या होत्या. एकही लागत नव्हती.

"चावी कोठे शे?" ती वडिलांना विचारायची.

"ते बँकेचं हाय."

"बँकेचं आपल्या भिंतीत?"

वडिलांनी त्यावर पडदा लावला, तिने पडदा बाजूला केला. त्यांनी मोठं कॅलेंडर टांगलं, तर ती कॅलेंडरची पानं उलटून मागे बघू लागली. त्यांनी लॉकरच्या वर भिंतीत खुंटी ठोकून आपला फौजेचा जुना कोट अडकवला. तिने कोटाला हात लावून बघितलं आणि म्हणाली, "अहो, तुमचा हा कोट लय टणक झालाय." ते हसले, पण मला फोनवर सांगताना त्यांच्या आवाजात हसू नव्हतं. "ती जेवत नाय बेटा," ते म्हणाले. "ताट तसंच राहतं. मी म्हणतो जेव, तर म्हणते आधी मालकिणीला विचारा."

"कोण मालकीण?"

"तेच तर. म्हणते, जिच्याकडे चावी हाय ती."

संध्याकाळी, वडील बँकेतून परत यायचे त्या वेळेला, एकदा तिने त्यांच्यासमोर तळहात पसरला. बँकेच्या सगळ्या वर्षांत त्यांनी तिला रोज संध्याकाळी काडतुसं परत दिली होती. आता द्यायला काही नव्हतं. त्यांनी खिशातली बडीशेप तिच्या हातावर ठेवली. तिने ती निरखून बघितली, मोजायचा प्रयत्न केला आणि म्हणाली, "हे आपलं नाही."

दसऱ्याला त्यांनी बंदूक पाटावर ठेवली. लॉकर उघडलं नाही. आई शेजारी बसून फूल वाहत असताना दोनदा म्हणाली, "लाल कुठेत?" वडिलांनी ऐकलं नाही असं केलं. त्यांना तिच्यासमोर चावी काढायची नव्हती.

दिवाळीच्या आधी एका दुपारी, वडील आंघोळीला गेले असताना ती घरातून निघाली. दिवसभर सोबतीला येणाऱ्या मावशी त्या दिवशी रजेवर होत्या. आईने कापडी पिशवीत एक लुगडं, फणी आणि चाव्यांचा जुडगा घेतला होता. बाहेरच्या दाराला कडी लावून, चपला पायात घालून गेली होती. प्रेसमधून निवृत्त झालेले शेजारचे काका भाजी घेऊन येत होते. बसथांब्यावर सटाण्याची गाडी कधी आहे असं विचारत असलेली ती त्यांना दिसली. सिटी बसच्या थांब्यावर. त्यांनी रिक्षा केली आणि तिला समजावत आणलं. मी ऑफिसातून पोहोचले तेव्हा काका ओट्यावर बसून वडिलांना सगळं सांगत होते. सांगताना ते आईकडे न बघता जमिनीकडे बघत होते.

"मी म्हटलं, वहिनी, घर सोडून कुठं निघालात? तर म्हणाल्या..." काका थांबले. त्यांना अहिराणी येत नव्हती, शब्द त्यांनी जपून आणले होते. "म्हणाल्या, 'मना घर जास. तठे मी पाव्हणी शे.' म्हणजे काय हो?"

वडिलांनी अर्थ सांगितला नाही. मीही सांगितला नाही. माझ्या घरी जाते, तिथे मी पाहुणी आहे. तिथे म्हणजे इथे. ज्या घराच्या सगळ्या चाव्या तिने आयुष्यभर कमरेला बाळगल्या, त्या घरात एक दार आता तिला बंद होतं. तेवढ्यावरून हे घर आपलं नाही असं तिने ठरवलं होतं. लॉकर भिंतीत राहिलं तर ती पुन्हा निघणार होती. आणि दर वेळी बसथांब्यावर काका भेटणार नव्हते.

काका गेल्यावर वडील म्हणाले, "सुट्टी काढ एक. ठाण्यात जायचंय."

"तक्रार करायला? कशाची?"

"तक्रार नाय. बंदूक जमा करायचीय. काडतुसांसकट."

"नाना, काडतुसं दुसरीकडे ठेवता येतील. वर माळ्यावर एक..."

"माळ्यावर ठेवली तरी कुलूप लागणार ना?"

"लागणारच."

"मग तिथं जाऊन उभी राहील. शिडी लावून पडली म्हणजे?" ते मुद्दा पायरीपायरीने मांडत होते, पहाऱ्याची जागा ठरवावी तसा. "काडतूस घरात हाय तोवर कुलूप लागणार. बिनकुलपाचं काडतूस मी घरात ठेवणार नाय, ते कधी जमलं नाय, जमणार नाय. आणि कुलूप हाय तोवर ही पाव्हणी. सांग, काय राहिलं?"

ते आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग तेलाचा वास आला. ते बंदुकीला तेल देत होते. देऊन टाकायची वस्तूही स्वच्छ करूनच द्यायची, या मताचे ते.

आईला घरी ठेवून जाणं शक्य नव्हतं, म्हणून तिलाही गाडीत घेतलं. तिने नवं लुगडं नेसून घेतलं. आपण लग्नाला चाललोय असं तिला वाटत होतं. ठाण्यातले हवालदार वडिलांना निवडणुकांमुळे ओळखत होते.

"बाबा, आत्ता कुठली निवडणूक?" ते म्हणाले. "तुम्ही तर आचारसंहितेच्याही आधी आलात."

"इलेक्शन नाय. घरचं काम हाय."

वडिलांनी खोळ उघडली, नळ्या उजेडाकडे धरून रिकाम्या असल्याचं दाखवलं आणि बंदूक टेबलावर ठेवली. ती विकायची परवानगी निघेपर्यंत इथेच राहू द्या, आता मी न्यायला येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मग काडतुसांचं पुडकं पुढे सरकवलं. "ही वापरायची नाय. पाण्यात गेलीत. नष्ट करायची."

हवालदारांनी चिठ्ठी बाजूला करून एक काडतूस उचललं आणि खिडकीकडे नेलं. "बाबा, एवढी चकचकीत? नव्यापेक्षा नवी दिसतात. घासली की काय चिंचेने?"

वडील उत्तर द्यायच्या आत बाकावरून आवाज आला. "मी घासली."

हवालदारांनी वळून बघितलं. आई पदर नीट करून सरळ बसली होती. त्यांनी एकदा वडिलांकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. त्यांना किती कळलं ते सांगता येणार नाही, पण काहीतरी कळलं असावं.

"छान निघालीत हो आजी," ते म्हणाले. "आमच्याकडे एवढी निघत नाहीत."

"चिंच जुनी लागते," आई म्हणाली. "नव्या चिंचेने नाही निघत."

"सांगतो घरी."

पावती घेऊन आम्ही निघालो. वडील गाडीत पुढे बसले. फौज आणि बँक धरून त्यांच्या हाताशी कायम एक हत्यार होतं आणि आता ते रिकाम्या हातांनी घरी चालले होते. मला त्यांची काळजी वाटत होती. ते खिडकीबाहेर बघत होते. उड्डाणपुलाखाली गाडी थांबली, तेव्हा त्यांनी मागे वळून आईला विचारलं, "ऊन लागतंय का?" ती म्हणाली, नाही. एवढंच बोलणं झालं.

घरी आल्यावर त्यांनी भिंतीवरून कोट, कॅलेंडर, पडदा सगळं काढलं. गळ्यातला दोरा काढून चावी लॉकरला लावली आणि दार सताड उघडं केलं. मग आईला बोलावलं. ती आली. आत रिकामं होतं, फक्त ओल शोषणाऱ्या पुड्या. तिने आत हात घालून चारी कोपरे चाचपले, दार लावून बघितलं, उघडून बघितलं. मग ती किल्ली तिने कुलपातून काढली आणि आपल्या जुडग्यात ओवायला वडिलांकडे दिली. तिला आता जुडग्याची कडी उघडता येत नव्हती. वडिलांनी नखाने कडी फाकवून ती ओवली.

त्या संध्याकाळी ती जेवली.

त्यानंतर लॉकरात काय असेल याचा नेम नाही. एकदा पोळ्यांचा डबा, एकदा टीव्हीचा रिमोट, एकदा वडिलांच्या दोन्ही चपला. घरात काही सापडेनासं झालं की वडील तिच्याकडे जातात, ती जुडगा काढते, चुकीच्या चाव्या लावत बसते आणि ते शेजारी उभे राहतात. घाई करत नाहीत. आजार थांबलेला नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसाच तो पुढे सरकतो आहे. तिने सटाण्याची गाडी विचारणं मात्र थांबवलं.

मागच्या सुट्टीला मी गेले होते. दिवसभरात तिने मला एकदाही ओळखलं नाही. मी होते तोवर माझ्याकडे हसून बघत होती, परक्या बाईकडे बघावं तसं. निघताना मी तिच्या पाया पडले. वडील दारात उभे होते. ती माझ्यासोबत फाटकापर्यंत आली, हात धरून.

"चहा झाला ना तुमचा?" तिने विचारलं. "जेवून जायचं होतं. असं कुणी जातं का?"

मी म्हणाले, पुढच्या वेळी जेवेन.

"या बरं परत," आई म्हणाली. "आपलंच घर शे."